सॅक हलकी, पाठ गरम: जानेवारीपर्यंतची नोंद

राजगड-तोरणा-रायगड या वाटेसाठी झोपायचं सगळं सामान दोन किलोच्या आत बसवायचं, असं दिवाळीनंतर ठरवलं होतं. काटा आता १ किलो ९४० ग्रॅम दाखवतोय. त्यात अंथरूण, पांघरूण, टार्प (तंबूऐवजी वर ताणायचं हलकं कापड), दोऱ्या-खुंट्या आणि झोपायचे कोरडे कपडे आले. पूर्वी नुसता तंबूच २ किलो ४०० भरायचा.

सगळ्यात मोठी कात्री पांघरुणाला लागली. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग आपल्याच वजनाने चेपतो, आणि चेपला की त्याची ऊब गेली. मग तो वाहायचा कशाला? जुनी सिंथेटिक बॅग घेऊन पेठेतल्या टेलरकाकांकडे गेलो. चेन काढा, टोपी काढा, खालचा पट्टा काढा, पायाकडचा दीड फूट तेवढा पिशवीसारखा बंद ठेवा, म्हटलं. काकांनी बॅग उलटीपालटी करून पाहिली. "एवढी चांगली वस्तू फाडताय? नको असेल तर आमच्याकडे द्या." फाडली मात्र सुरेख. कापलेल्या कडेला सगळीकडून पायपिंग मारलं, त्यामुळे आतलं भरण सरकत नाही. गळ्याशी नाडी ओवली आणि दोन्ही बाजूंना मॅटला अडकवायला इलॅस्टिकचे फासे दिले. १,३८० ग्रॅमची बॅग ९१० वर आली.

डाउन, म्हणजे बदकाच्या मऊ पिसांचं भरण, याहून हलकं पडतं, हे मान्य. पण आपल्याकडे पहाटे टार्पच्या आतल्या बाजूनेही थेंब ओघळतात. डाउन ओलं झालं की गोळा होऊन बसतं. सिंथेटिक भिजलं तरी थोडीफार ऊब धरतं. हिमालयात जाणाऱ्यांचं गणित वेगळं.

वाचवलेले ग्रॅम मॅटवर खुशाल उधळा, असं माझं मत होत चाललंय. थंडी वरून कमी आणि कातळातून जास्त लागते. आत भरण नसलेल्या फुगवायच्या मॅटमध्ये हवा फिरत राहते आणि पाठीची ऊब जमिनीला नेऊन देते. शिवाय करवंदीचा एक काटा लागला की संपलं. मॅट घेताना आर-व्हॅल्यू, म्हणजे ती ऊब किती अडवते याचा आकडा, बघा, पण तो एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ३३४० चाचणीचा आहे ना, हे विचारा. ही चाचणी २०१८ मध्ये आली. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, हे फार कामाचं आहे. मी फोमची मॅट गुडघ्यापर्यंत ठेवून बाकीची कापली आणि तो तुकडा कमरेखाली टाकतो. पायांखाली रिकामी सॅक. कुशीवर झोपणाऱ्यांचं माकडहाड नाही, खुब्याचं हाड दुखतं, आणि नेमकं तिथेच दुप्पट फोम येतो. वजन शून्य ग्रॅमने वाढलं!

गच्चीवरच्या चाचणीवर फार विसंबू नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो, त्यामुळे कुठलीही मॅट तिथे पास होते. शेतातल्या उघड्या मातीवर झोपून बघा.

जागेचंही तसंच. हिवाळ्यात पुण्याच्या पेपरात सखल शिवाजीनगरचं किमान तापमान बरेचदा लोहगावपेक्षा कमी दिसतं ना? रात्री गार हवा जड होऊन सखल भागात उतरते. ओढ्याकाठची सपाट जागा म्हणूनच फसवी. तिथून थोडं वर, झाडाखाली पथारी टाकली तर दवही कमी पडतं. गडांवरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, तेव्हा मी पायथ्याच्या गावातच थांबतो. सारवलेली पडवी मिळाली तर टार्प उघडावाही लागत नाही.

हलक्या सामानाच्या परदेशी याद्यांमध्ये टूथब्रशची दांडी कापायला सांगतात. आपल्याला तो नाद परवडणारा नाही. उन्हाळा जवळ आला की डोंगरधारेवर पाण्याचा भरवसा नसतो, आणि तीन लिटर म्हणजे सरळ तीन किलो. बिछान्यात वाचलेलं वजन मी पाण्याला दिलंय.

आता उरलाय तो टार्प. कातळावर खुंट्या शिरत नाहीत, दोरीला दगड बांधला तर धारेवर दोरी झिजते. सध्या दगडाभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बघतोय. मोहरी गावाहून बोराट्याच्या नाळेने (डोंगरातल्या अरुंद घळीने) रायगडाकडे उतरायचं फेब्रुवारीत ठरतंय, त्याआधी एखाद्या वाऱ्याच्या रात्री हे टिकतं का ते कळेल. कुणी याहून बरा उपाय केला असेल तर सांगा.