स्पॅनिश रॉकचा रियाज: प्रेमभंगाची दोन गाणी

या महिन्यात दोनच गाणी धरली आहेत. अर्जेंटिनाच्या गुस्ताव्हो सेरातीचं 'क्रिमेन' (म्हणजे गुन्हा) आणि चिलीच्या लोस प्रिसिओनेरोस या बँडचं 'एस्त्रेचेस दे कोरासोन' (म्हणजे मनाचा कोतेपणा). दोन्हींत माणूस मोडलेला आहे, पण गळ्याची मागणी अगदी उलटी.

'क्रिमेन' २००६च्या 'आई वामोस' अल्बममधलं. त्याचा बँड सोदा स्टेरिओ १९९७मध्ये थांबला, त्यानंतरचा हा सेराती. अल्बमभर गिटार दणदणते आणि मध्येच हे पियानोवर सुरू होतं. ती गेली आहे, हा वाट पाहून थकला आहे. गुन्हा घडलाय, उलगडा होत नाही. हा जणू स्वतःचाच तपास करत बसलाय. तिच्यावर ना राग, ना दोषारोप. म्हणूनच सुरुवातीला जोर लावला की गाणं बिघडतं. मी पहिलं कडवं जवळजवळ बोलल्यासारखं म्हणते, श्वास ओळीच्या शेवटी न घेता अर्थ तुटतो तिथे घेते. आता ते जमू लागलंय. वरच्या पट्टीत जाताना आवाज अजून पातळ होतो. तिथे मेहनत बाकी आहे.

उच्चारांत आपण मराठी माणसं नशीबवान. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे, स्वर पाचच आणि स्वच्छ. अवघड जातं ते शब्दांच्या सांध्यावर: एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला की दोन्ही एकाच मात्रेत बसवायचे. 'ते एस्पेरो' म्हणताना मध्ये थांबलात तर ताल गेलाच. शिवाय सेराती ब्युनोस आयर्सचा, तिथे 'यो'चा 'शो' होतो. माद्रिदचे उच्चार शिकलेल्यांनी हे आधी कानात बसवावं.

'एस्त्रेचेस दे कोरासोन' १९९०च्या 'कोरासोनेस'मधलं. सान्तियागोच्या सान मिगेल भागातली ही पोरं हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत बेकार, नाकारलेल्या तरुणांची गाणी गात होती. राजवट संपली त्याच वर्षी बँडचा गायक होर्हे गोन्सालेसने सगळा मोर्चा काळजाकडे वळवला, गिटार मागे सारून सिंथेसायझर पुढे आणले. खाली नाचायला लावणारा ठेका आणि वर हा माणूस तिला सुनावतोय: बुद्धी तोकडी असेल तर समजून घेईन, मन कोतं असेल तर नाही. सुनावता सुनावता तिलाच जाऊ नकोस म्हणून विनवतोही. मला हे गाणं 'क्रिमेन'पेक्षा जास्त बोचतं, कारण इथे आत्मपरीक्षण शब्दांत कुठेच नाही. त्याचं दुबळेपण तो बोलतो तसं आपोआप उघडं पडतं. गाताना रागच गायचा. करुण करायला गेलं की खोटं वाटतं.

सध्या हे मेट्रोनोमवर निम्म्या वेगाने चाललंय, कारण ओळी लांब आणि शब्द ठासून भरलेले. पुढच्या महिन्यात अर्जेंटिनाच्याच फितो पाएसचा १९९२चा अल्बम 'एल आमोर देस्पुएस देल आमोर' घेणार. त्यातलं कोणतं गाणं पियानोशिवाय, नुसत्या गिटारवर तग धरेल, कोणी वाजवून पाहिलंय का?