प्लॅन घ्यायचा की नाही, चष्म्याच्या दुकानातनं

आमच्या दुकानात फोन वाजला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. हॅलो नाही, किती वाजेपर्यंत उघडे आहात नाही. "माझा इन्शुरन्स घेता का?" न्यू जर्सीत चष्म्याचं दुकान टाकून मला आता बरीच वर्षं झाली, आठवड्यातनं दोन दिवस डॉक्टर येतात नंबर काढायला, बाकी फ्रेम, काचा, फिटिंग माझ्याकडं आणि क्लेमचं सगळं बायकोकडं. गेल्या वर्षी आम्ही दोनातला एक व्हिजन प्लॅन सोडला (नाव नाही लिहीत, उगाच कशाला), तेव्हापासून ओळखीतले दुकानवाले विचारतायत की काय रे, परवडलं का, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

भारतात असणाऱ्यांना आधी ही भानगडच सांगायला लागेल. इथं डोळ्यांचा इन्शुरन्स मेडिकलपेक्षा वेगळा असतो. डोळे आले, डोळ्यात काही गेलं, डायबेटिसमुळं पडदा तपासायचाय, हे सगळं मेडिकलमध्ये. चष्मा मात्र व्हिजन प्लॅनमध्ये. पगारातनं महिन्याला थोडे डॉलर कापले जातात, त्यात वर्षातनं एक तपासणी आणि फ्रेमसाठी १३०, १५०, कधी २०० डॉलरपर्यंत अलाउन्स मिळतो. खरं बघितलं तर हा इन्शुरन्स कमी आणि भिशी जास्त.

हे मी साताऱ्याला अण्णांना फोनवर समजावत होतो, त्यांचं चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे म्हणजे दुकान तुझं आणि भाव ठरवणार तिसराच? मग तुला काय रे उरतं?"

तर काय उरतं तेच सांगतो. आकडे समजा धरून चाला, प्रत्येक करार वेगळा असतो. फ्रेम बोर्डावर १५० ची, मला पडली ६० ला. गिऱ्हाईकाला वाटतं प्लॅन मला १५० देतो. नाही देत. प्लॅन स्वतःच्या होलसेल हिशोबानं देतो, समजा ५७, वर चष्मा बनवून द्यायची फी समजा २५. म्हणजे ८२ आले, ६० गेले, हातात २२. काचा प्लॅनच्या लॅबमधनं येतात, त्यात माझा काही भाव नाही. या २२ डॉलरमध्ये अर्धा तास फ्रेमा दाखवणं, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) घेणं, ऑर्डर टाकणं, आलेली काच लेन्सोमीटरवर, म्हणजे नंबर मोजायच्या यंत्रावर, तपासणं, काड्या वाकवून कानावर बसवणं, क्लेम भरणं, आणि तो परत आला तर त्याच्या मागं फोनवर ताटकळणं. तोच चष्मा रोखीत समजा २४० ला गेला, फ्रेमचे ६० आणि काचांचे ३० वजा केले, तर १५० राहतात. म्हणजे एका रोखवाल्याएवढं सुटायला जवळजवळ सात प्लॅनवाले लागतात. दुकान भरलेलं दिसतं आणि गल्ल्यात बघावं तर काही नाही, हे असं होतं.

पण एकच बाजू सांगितली तर खोटं होईल. प्रोग्रेसिव्ह (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) घेणारं गिऱ्हाईक प्लॅनमधनं आलं की हात सैल सोडतं, कोटिंग घेतं, अलाउन्सच्या वरची फ्रेम घेतं, तिथं आम्हालाही बरं सुटतं. आणि नवीन दुकानाला तर पहिली दोन वर्षं प्लॅनशिवाय भवानीसुद्धा होत नाही हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळं कुणी फुशारकीनं सांगितलं ना की मी पहिल्या दिवसापासून एकही प्लॅन घेतला नाही, तर त्याचा भाडेकरार आधी विचारा, जागा सासऱ्यांची निघते.

माझा खरा त्रागा पैशापेक्षा दुसरीकडं आहे. व्हीएसपी ही मोठी व्हिजन प्लॅन कंपनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या ऑप्टोमेट्रिस्ट (डोळ्यांचा नंबर काढणाऱ्या) लोकांनीच सुरू केली होती, म्हणजे आपल्याच धंद्यातली माणसं. आज मार्शॉन ही फ्रेमची कंपनी त्यांची, २०१९ पासून व्हिजनवर्क्स ही दुकानांची साखळी त्यांची. आयमेड हा दुसरा मोठा प्लॅन एसिलॉरलक्सोटिका या चष्मा कंपनीच्या घरातला, आणि त्याच घरात रे-बॅन, ओकली या फ्रेमा आणि लेन्सक्राफ्टर्स ही दुकानं. म्हणजे ज्याच्याशी मी करार करायचा त्याचंच दुकान पलीकडच्या मॉलमध्ये, माझ्या बोर्डावरच्या फ्रेमा त्याच्या, आणि माझं गिऱ्हाईक काय घेतं, कितीला घेतं, ही सगळी माहिती क्लेममधनं मी त्यालाच पाठवायची. यात बेकायदा काही नाही, पण रात्री शटर ओढताना डोक्यात येतंच. टेक्ससनं २०२३ मध्ये कायदा केला की प्लॅननं गिऱ्हाईकाला ठराविक डॉक्टरांकडं वळवू नये, त्यावर पुढं कोर्टकचेरी झाली.

आम्ही जो सोडला त्याचं निमित्त मात्र साधं होतं. एका बाईंच्या चष्म्यात सिलेंडरचा अॅक्सिस (तिरप्या नंबराचा कोन) चुकीचा आला, परत पाठवला, परत तसाच आला, आणि लॅब बदलायची मला परवानगी नाही. त्या बिचाऱ्या तीन आठवडे जुन्या चष्म्यावर गाडी चालवत होत्या, आणि बोलणी कुणी खाल्ली तर मी. त्या रात्री बायकोनं वर्षाचे क्लेम काढले, त्या प्लॅनवर किती तास गेले ते वहीत लिहिलं, आणि म्हणाली "अहो, यापेक्षा मी घरी झोपलेली बरी."

दुसरा ठेवलाय. कारण आसपासच्या दोन मोठ्या कंपन्यांत तोच आहे, आणि तो सोडला तर भाडं निघणार नाही. तत्त्व वगैरे काही नाही त्यात. कोणी विचारलं की प्लॅन घ्यावेत का, तर मी सांगतो की प्लॅनची नावं बघू नका, प्रत्येक प्लॅनचा वेगळा हिशोब मांडा, चष्म्यामागं काय उरलं आणि किती वेळ गेला, आणि मग सगळ्यात खालचा आधी सोडा, सगळे एकदम नको.

सोडलेल्या प्लॅनवाल्यांना आम्ही नेटवर्कबाहेरचा, म्हणजे करार नसलेल्या दुकानाचं बिल प्लॅनकडनं परत मागायचा, फॉर्म भरून देतो. पैसे कमी मिळतात, बऱ्याचदा अर्ध्याच्या आसपास, आणि ते आम्ही आधीच तोंडावर सांगतो. काही थांबले, बरेच गेले. आपली मराठी मंडळी तर वेगळ्याच नेटवर्कमध्ये, "डिसेंबरात पुण्याला चाललोच आहोत, तिकडं दोन करून घेऊ." त्याला माझ्याकडं उत्तर नाही. आणि नेमकं डिसेंबरातच इथं ३१ च्या आत अलाउन्स संपवायला ज्यांचे प्लॅन आहेत त्यांची झुंबड.

परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं, प्लॅन सोडल्यावर मॉलमध्ये गेलेलं. नवा चष्मा नाकावरनं घसरत होता. नोजपॅड बदलले, काड्या गरम करून बसवल्या, दहा मिनिटं लागली. त्यानं खिशात हात घालत विचारलं किती झाले. आधी हे सगळं फुकटच व्हायचं, मागायला जीभच उचलायची नाही. म्हटलं, पंधरा. त्यानं वीस ठेवले आणि गेला.