पिशवी काढली, मग हे काय?

"पिशवी काढली, मग दर महिन्याला छाती का दुखते गं?" आज खानापूरच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या मावशी सुनेला विचारत होत्या. सून गप्प.

पिशवी म्हणजे गर्भाशय काढलं, तरी अंडाशयं ठेवली असतील तर ती हार्मोन बनवतच राहतात. पाळी येत नाही, पण चक्र चालूच. छाती जड होते, चिडचिड होते. सुटलेलं बीज पोटात विरून जातं.

रजोनिवृत्ती मात्र एखाद-दोन वर्षं लवकर येऊ शकते, आणि पाळीच नसल्यानं ती कळत नाही. अंगातून वाफा, रात्रीचा घाम सुरू झाला की डॉक्टरांना दाखवा. वय 45 च्या आत असेल तर एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन) याची रक्ततपासणी करतात; ती पातळी वरखाली होते, म्हणून कधी 4 ते 6 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

गर्भाशयाचं मुख ठेवलं असेल तर पॅप तपासणी (त्या मुखाच्या कॅन्सरसाठीची चाचणी) चुकवू नका. काय काढलं, काय ठेवलं, ते डिस्चार्ज कार्डावर असतं. तुमच्या आईचं कार्ड कधी कुणी नीट वाचलंय का?