क्लच ऑईल गळतंय कुठनं ते आधी बघा, प्लेट नंतर

क्लच दाबला की पेडल मऊ लागतंय, पहिला गिअर अडकतोय, रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतंय, आणि दोन-तीनदा पेडल मारलं की मात्र गिअर सरळ पडतोय. अशी गाडी घेऊन गेलं की आमच्या बेळगावात बरेचजण न बघताच सांगतात, प्लेट गेली, सेट बदला. मला याचा खरंच राग येतो, कारण प्लेट झिजली की उलटं होतं, रेस वाढते पण गाडी ओढत नाही, चढावर जळका वास येतो. गिअर पडत नाही म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये, आणि हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये त्याचं कारण बहुतेक वेळा ऑईल किंवा हवा असतं. (बऱ्याच छोट्या गाड्यांत अजून केबलच असते, त्यांचं वेगळं.)

इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायला लागत नाही, सिलिंडर, पिस्टन आणि सील याच्यावरच तिथली कितीतरी घरं चालतात. गाडीत पण तेच आहे, फक्त लहान. पेडलमागं ऑईल ढकलणारा मास्टर सिलिंडर, तिथनं पाईप आणि रबरी होज (नळी), खाली गिअरबॉक्सवर त्या दाबानं क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर. आत ब्रेक ऑईलच असतं, डॉट ३ नाहीतर डॉट ४, आणि ते इंजिन ऑईलसारखं जळून कमी होत नाही. क्लचच्या ऑईलची टाकी वेगळी असली आणि लेव्हल उतरली तर ते कुठंतरी बाहेर पडतंयच. टाकी ब्रेकबरोबर एकच असेल तर ब्रेकचे पॅड झिजल्यानं थोडी उतरते, पण टॉपअप केल्यावर परत उतरली तर ती गळतीच समजायची. अशा बऱ्याच गाड्यांत क्लचची नळी टाकीत वरच्या बाजूला असते, त्यामुळं आधी क्लच जातो आणि ब्रेकसाठी थोडं ऑईल उरतं, पण गळती ब्रेकच्या लाईनला असली तर त्या उरलेल्याचा काय भरवसा, म्हणून नुसतं टॉपअप करून जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाटात गाडी घालायची नाही.

आता शोधायचं कसं. आमच्याकडच्या पावसात सगळं खालनं ओलंच असतं, थेंब कळत नाही, म्हणून रात्री गाडी आडोशाला लावून खाली मोठा पुठ्ठा टाकायचा आणि सकाळी डाग कुठं पडलाय बघायचा. एसीचं पाणी नुसतं पाणीच असतं, ते सोडून द्या. कूलंट बहुतेक वेळा हिरवं किंवा गुलाबी. थेंबाबद्दल शंका आली तर वाटीभर पाण्यात टाकून बघा, ब्रेक ऑईल पाण्यात मिसळतं, इंजिन ऑईल आणि गिअर ऑईल वर तरंगतं. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास पण असतो.

खाली डाग नाही आणि टाकी तरी उतरतेय, मग आत बघा. ड्रायव्हरच्या पायाजवळ डोकं घालून मोबाईलची बॅटरी मारायची, पेडलला जोडलेला दांडा मास्टर सिलिंडरमध्ये जातो तिथं पांढरा कागद लावायचा. कागद ओला झाला, मॅट खालनं चिकट लागली, तर मास्टरचा मागचा सील गेला. नंतर होजची दोन्ही टोकं, विशेष करून लोखंडी नळी आणि रबर जिथं दाबून जोडलेलं असतं तिथं.

स्लेव्ह बाहेर बसवलेला असेल तर त्याचं रबरी बूट हळूच मागं सारायचं. खानापूरचा माझा मावसभाऊ गाडी घेऊन आला होता, गॅरेजात त्याला अख्खा क्लच सेट सांगितला होता. बाहेरनं स्लेव्ह एकदम कोरडा, पण बूट सारल्याबरोबर आतलं साठलेलं काळपट ऑईल माझ्या बोटांवरनं मनगटापर्यंत आलं. तो म्हणाला, "दादा, एवढंच होय?" एवढंच होतं. पण बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नखाला लागतील असे गंजाचे खड्डे होते, म्हणून नुसतं रबर किट न घालता मी त्याला पूर्ण सिलिंडर घ्यायला सांगितला, खड्डे असले की नवीन सील पण थोड्या दिवसांत कापला जातो.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे स्लेव्ह बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कवचाच्या) आतच, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती असतो तो. तिथं हात पोचत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखालनं थेंब पडत असेल तर तो कसला आहे ते वाटीतच ठरवा, कारण इंजिनच्या क्रँकचा मागचा ऑईल सील किंवा गिअरबॉक्सचा सील गेला तरी थेंब तिथनंच येतो. ब्रेक ऑईल निघालं तर गिअरबॉक्स उतरवायलाच लागतो, आणि एवढी मजुरी देतोयच तर त्याच वेळी प्लेटची जाडी बघून घ्या, इथं प्लेट बदलायला मी स्वतः सांगेन.

कधीकधी गळती दिसतच नाही. लेव्हल जिथल्या तिथं, तरी पेडल दाबून धरलं की पायाखाली हळूहळू खाली जातंय आणि गिअरमध्ये उभी गाडी पुढं सरकायला बघतेय. हे मोकळ्या जागेत, ब्रेकवर पाय ठेवूनच बघा. मास्टरच्या आतला सील ऑईल पलीकडं सोडत असतो, म्हणून बाहेर थेंब नाही.

काम झाल्यावर हवा नीट काढून घ्या. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं स्लेव्हवरचं हवा सोडायचं निप्पल उघडायचं, आणि निप्पल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही. ऑईल सीलबंद डब्यातलंच घ्या, हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा तर नकोच. टाकीत चुकूनही इंजिन ऑईल घालू नका, रबर फुगतं आणि सगळी सिस्टीमच बदलायला लागते. पेंटवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. टाकीवर स्केचपेननं लेव्हलची रेघ मारून ठेवा आणि आठवडाभर गाडी चालवून परत बघा.