लांब हाताच्या आत शिरताना

माझी उंची 5 फूट 1 इंच. बॉक्सिंगच्या 54 किलोच्या गटात उतरलं की समोर हमखास कोणीतरी उंच, काटकुळी मुलगी येते. वजन सारखंच, फक्त तिचं लांबीत गेलेलं. पहिल्याच स्पर्धेत अशा एकीने मला तिन्ही फेऱ्या नुसत्या डाव्या हातावर खेळवलं. पुढे गेले की जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, नाकावर, थांबले तरी जॅब नाकावर. निकाल 5-0, पाचही पंच तिच्या बाजूने. घरी नाकाला बर्फ लावता लावता आईने विचारलं, "तू एकदा तरी मारलंस का गं?"

सरांनी त्या लढतीचा व्हिडिओ लावला आणि फक्त माझे पाय बघायला सांगितलं. ती जाईल तिकडे मी मागे मागे चालले होते. आणि थांबत होते ती नेमकी अशा जागी, की तिचा हात मला पोचावा, माझा तिला पोचू नये. "ही जागा घाण आहे. एकतर बाहेर राहा, नाहीतर तिच्या छातीला डोकं लाव. मधे रेंगाळायचं नाही."

आजोबा तालमीतले. त्यांचं म्हणणं, "उंच गड्याचा पट काढायला काय लागतंय? पाय आयते लांब." बॉक्सिंगमध्ये पाय धरता येत नाहीत, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

हॉलमधल्या दोन खांबांना सरांनी माझ्या खांद्याच्या उंचीवर दोरी बांधली. तिच्याखालून डावीकडे, उजवीकडे, एकेक पाऊल पुढे. मी कमरेतून वाकायचे. त्यात नजर जमिनीकडे जाते आणि अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाला, तोंड आयतं मिळतं. शिवाय समोरच्याच्या कमरेखाली डोकं नेणं फाउल. वाकायचं गुडघ्यांतून, डोळे समोर. पहिले पंधरा दिवस जिना कठडा धरून उतरत होते.

मग हूल. खांदा हलवून तिला जॅब टाकायला लावायचा, डोकं उजवीकडे काढायचं, तिचा ग्लव्ह डाव्या खांद्यावरून गेला की उजवा हात पोटात. हे सांगायला सोपं आहे. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, मी आधीच डोकं काढून बसायचे, आणि समोरची शांतपणे थांबून मग मारायची.

आमचे सर हेवीवेट बॉक्सर जो फ्रेझरचं नाव फार घ्यायचे. 8 मार्च 1971, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर मुहम्मद अली, 6 फूट 3 इंच, फ्रेझर त्याच्याहून तीनेक इंचांनी बुटका. खाली राहून, डुलत डुलत आत शिरत राहिला, बरगड्यांवर मारत राहिला आणि पंधराव्या फेरीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, अलीला पाडलं. मी पंधरा फेऱ्यांचा विचार करून आधीच दमायचे. आमच्या तीनच, तीन-तीन मिनिटांच्या.

खरी गोची आत गेल्यावर होती, हे फार उशिरा कळलं. उंच मुलगी मानेवर हात टाकून अंगावर रेलते, रेफ्री 'ब्रेक' म्हणतो, आणि आपण पुन्हा बाहेर. परत जकात भरून आत या. म्हणून आत गेल्यावर कोपर अंगाशी, दोन-तीन ठोसे, आणि बाजूला वळून निघायचं. सरळ मागे गेलं की जाता जाता जॅब बसतोच. आणि पाठलाग बंद. ती डावीकडे निघाली की आपण तिकडची वाट अडवायची, म्हणजे ती आपोआप कोपऱ्यात जाते.

सात महिन्यांनी दुसरी स्पर्धा, दुसरी उंच मुलगी. पहिली फेरी गेलीच. दुसरीत उजवा हात पोटात बसला आणि तिच्या माउथगार्डमधून 'हुं' असा बारीक आवाज आला. तो फक्त मला ऐकू आला असणार. त्यानंतर तिचं कोपर खाली येऊ लागलं आणि तिसऱ्या फेरीत माझा डावा हुक दोनदा लागला. लढत संपली तेव्हा तिच्या बनियनवर गळ्याखाली माझ्या कपाळाच्या घामाचा मोठा डाग होता.

निकाल 3-2, तिच्या बाजूने. पोटातले ठोसे पंचांना कमीच दिसतात असं माझं मत, पण हरलेल्याच्या मताला विचारतो कोण.

आईचा फोन आला. "मारलंस का?"

"मारलं."

"मग हरलीस कशी?"