ससा गेला, बेडूक आला

रविवार, रात्री उशिरा

भाचा फ्लोरिडाहून सुट्टीला आलाय आणि कालपासून आमच्या घरात डिस्नीच्या पार्कमधल्या 'स्प्लॅश माउंटन' या राइडवरून जुंपली आहे. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला माझी लेक. डिस्नीवर दोघांचाही जीव, म्हणूनच एवढी खडाजंगी. ज्याला त्या पार्कचं सोयरसुतक नाही तो 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देतो. हे दोघं मात्र हात वाळेपर्यंत ताटावर बसून वाद घालतात. आमचे हे मधेच उठून टीव्ही लावून बसले.

प्रकरण तसं जुनं आहे. इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, डिस्नीलँडमध्ये 1989 साली सुरू झालेली आणि 1992 पासून फ्लोरिडातही असलेली ती ओंडक्यात बसून जायची राइड डिस्नीने बंद केली. त्याच डोंगरात, पाण्याच्या त्याच वाटेवर 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' आणली. जून 2020 मध्ये घोषणा झाली, 2023 मध्ये दोन्हीकडे टाळं लागलं, 2024 च्या जूनमध्ये फ्लोरिडात आणि नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे नवा अवतार सुरू झाला. पोटात गोळा आणणारी ती सुमारे 50 फुटांची घसरण आहे तशीच आहे, अंगावर पाणी उडतं तेही तसंच. बदलली ती आतली गोष्ट. आधी ती एका चतुर सशाची होती, आता टियानाची, म्हणजे 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' सिनेमातल्या बेडूक झालेल्या राजकन्येची. जुनी राइड बंद होताना तिथलं पाणी म्हणून बरण्या भरभरून ईबेवर विकायला आल्या होत्या. गंगाजल परवडलं.

"मामी, तूच सांग," भाचा म्हणाला, "त्या सशाने कुणाचं घोडं मारलं होतं?"

सशाने नसेल मारलं, पण त्याला पडद्यावर आणणाऱ्या सिनेमाने मारलं होतं. 'साँग ऑफ द साउथ', 1946 चा. दक्षिणेतला मळा, तिथे काळा म्हातारा रीमस काका एका गोऱ्या पोराला गोष्टी सांगतोय, हसतोय, गातोय. गुलामगिरी म्हणून काही घडलंच नव्हतं अशा थाटात सगळं गोडगोड. आत्ताच्या पिढीला खटकतं असं म्हणून हात झटकायची सोय नाही, कारण काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीने सिनेमा आला तेव्हाच टीका केली होती. अटलांटातल्या पहिल्या खेळाला रीमस काका झालेला जेम्स बास्केट हजर राहू शकला नाही. ज्याच्या जिवावर सिनेमा उभा, त्यालाच त्या शहरातल्या वर्णभेदामुळे तिथे जागा नव्हती. 1948 मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं, त्याच वर्षी तो गेला. पुढे डिस्नीने अमेरिकेत हा सिनेमा ना कॅसेटवर आणला ना डीव्हीडीवर.

माझी लेक नेमकं इथेच बोट ठेवते. "दादा, जो सिनेमा लोकांना दाखवायची लाज वाटते, त्याच्यावरची राइड मात्र जोरात चालवायची?" भाचा म्हणतो, राइडमध्ये रीमस काका नव्हतेच, नुसते प्राणी होते. ती म्हणते, "तेच तर. ज्यांच्या गोष्टी होत्या त्यांना वगळलं आणि गोष्टी ठेवून घेतल्या." यावर तो गप्प बसला, पण फार वेळ नाही.

आणि इथे मला भाच्याचीही बाजू घ्यावीशी वाटते, कारण सशाची गोष्ट मुळात डिस्नीची नाहीच. जोएल चँडलर हॅरिस नावाच्या गोऱ्या पत्रकाराने पोरवयात जॉर्जियातल्या मळ्यावर काम करताना तिथल्या गुलामांच्या तोंडून ऐकलेल्या या कथा, पुढे 1880 च्या सुमारास त्याने पुस्तकात घातल्या. सशाच्या अंगात बळ नाही, हातात सत्ता नाही, पण डोकं असं चालतं की कोल्हा आणि अस्वल दोघंही तोंडघशी पडतात. मळ्यावरच्या माणसांनी हा ससा का जपला असेल ते वेगळं सांगायला नको. त्यातली डांबराच्या बाहुलीला ससा चिकटतो ती गोष्ट तर अभ्यासकांनी आपल्या जातककथेपर्यंत नेऊन भिडवली आहे. पाच शस्त्रं बाळगणारा राजपुत्र चिकट केसांच्या राक्षसाला चिकटतो, ती. सगळ्यांनाच काही ते पटलेलं नाही. राइडमध्ये मात्र ती डांबराची बाहुली नव्हतीच, कारण तिचं नाव काळ्यांना हिणवायला वापरलं जायचं. तिच्या जागी मधाचं पोळं ठेवलं होतं. म्हणजे 1989 मध्येही डिस्नीला ठाऊक होतं की आपण कुठल्या निखाऱ्यावर पाय ठेवतोय.

भाच्याचं आवडतं पालुपद म्हणजे 'मूळ ते मूळ'. त्यावर मला हसू येतं. त्या राइडमधल्या बहुतेक हलत्याबोलत्या बाहुल्या 'अमेरिका सिंग्ज' या 1974 च्या जुन्या कार्यक्रमातून उचललेल्या. तो 1988 मध्ये बंद केला आणि त्यातले प्राणी या डोंगरात आणून बसवले. नावही मूळचं नाही. डिस्नीच्या राइड रचणाऱ्या टोनी बॅक्स्टरने ही राइड कल्पली तेव्हा नाव वेगळं होतं. डिस्नीचा तेव्हाचा प्रमुख मायकल आइस्नर याला 1984 च्या 'स्प्लॅश' या जलपरीच्या सिनेमाची जाहिरात व्हायला हवी होती, म्हणून हे चिकटलं. ज्याला आपण अभिजात म्हणून जपायला निघालो ते मुळातच ठिगळं लावून शिवलेलं होतं, आणि तरी छान होतं. वॉल्ट डिस्नी तर म्हणायचाच की डिस्नीलँड कधी पुरं व्हायचं नाही. हे वाक्य बदलाच्या बाजूचे लोक ढालीसारखं पुढे करतात. मला ते तेवढं पटत नाही. पुरं व्हायचं नाही याचा अर्थ जे होईल ते चांगलंच असा कुठे होतो?

काल रात्री भांडी आवरताना मला वाटलं, ही दोघं दोन वेगळ्या प्रश्नांवर भांडताहेत आणि एकच समजून चालली आहेत. जुनं काढायला हवं होतं का, हा एक प्रश्न. त्याच्या जागी आलं ते जमलंय का, हा दुसरा. लेक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते आणि दुसराही जिंकला म्हणते. भाचा दुसऱ्यावर बोलतो आणि पहिला आपोआप निकाली निघाला असं धरून चालतो. माझं म्हणाल तर पहिल्यात लेक बरोबर, दुसऱ्यात भाचा.

कारण त्या जुन्या राइडची रचना विसरता येत नाही. आधी सगळं लाडीगोडीचं, प्राणी गाताहेत, ससा 'हसरी जागा' शोधत घर सोडून निघालाय. मग अंधार वाढत जातो. ओंडका साखळीला लागून वर चढायला लागतो, खालून तो खडखडाट पाठीच्या कण्यात जाणवतो आणि डोक्यावर बसलेली दोन गिधाडं तुम्हालाच टोमणे मारतात. ससा कोल्ह्याच्या तावडीत, हातपाय बांधलेला. तो गयावया करतो, मला काय करायचं ते करा पण त्या काटेरी झुडपात फेकू नका. आणि ते फेकतात. तो फेकला जातो तीच आपली घसरण. खाली काट्यांचं जंगल, आणि तेच तर सशाचं माहेर. म्हणजे आपण पडतो तेव्हाच सुटतो. एका थीम पार्कच्या राइडमध्ये इतकी घट्ट बांधलेली गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. आधी भीती, मग पडणं, मग सुटका, आणि शेवटी जहाजावरचं गाणं. त्या गाण्याला ऑस्कर होतं, हे खरं, पण ते गोड लागायचं ते आधीच्या भीतीमुळे.

नव्या राइडमध्ये टियाना मार्डी ग्रा या न्यू ऑर्लिन्सच्या उत्सवाची मेजवानी ठरवते. लुई नावाचा सुसरोबा आणि ती बँडसाठी वादक शोधताहेत, आपण त्यांच्या मदतीला. मामा ओडी ही जादूगार म्हातारी आपल्याला बेडकाएवढं करते, दलदलीतल्या प्राण्यांचे बँड भेटतात आणि मग परत मोठं व्हायचं म्हणून ती घसरण. सगळं देखणं आहे. टियानाच्या बाहुलीचा चेहरा पाहून मी ओंडक्यातच 'अगं बाई' म्हणाले. चेहऱ्यावरचे भाव, मान वळवायची लकब, जुन्या बाहुल्या हिच्यापुढे जत्रेतल्या. शेवटचं गाणं न्यू ऑर्लिन्सच्याच पीजे मॉर्टनचं, सिनेमात टियानाचा आवाज झालेल्या अनिका नोनी रोझच्या आवाजातलं, ठेका धरायला लावणारं. टियानामागे ज्या लिआ चेझबाईंची प्रेरणा आहे, त्यांनी न्यू ऑर्लिन्समधल्या 'डूकी चेझ'च्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं आणि वर्णभेदाच्या काळात काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना एका टेबलावर जेवू घातलं. एवढं बळ पाठीशी असताना गोष्टीत अडचण काय, तर वादक कमी पडताहेत. आता वादक मिळाले नाहीत म्हणून कोणी 50 फुटांवरून खाली जातं का?

हे मी जेवताना बोलले तर लेक उसळली. "आई, काळ्या मुलीच्या गोष्टीत दरवेळी संकटच कशाला पाहिजे? तिला नुसती पार्टी करू द्या की." उत्तर देताना मी अडखळले, कारण यात तथ्य आहे. डिस्नीच्या या पहिल्या काळ्या राजकन्येने 2009 च्या सिनेमात अर्धा वेळ बेडूक होऊन काढला, त्यावरही लोक तेव्हा बोललेच होते. आता कुठे तिचा स्वतःचा धंदा, स्वतःची माणसं. पण राइड म्हणजे सत्कार समारंभ नव्हे. टियानाचं कौतुक करायचंच तर तिच्यापुढे काही तरी जड ठेवा, मग तिने ते उचललेलं आम्हाला दिसेल.

यावर भाचा ताडकन म्हणाला, "मग डॉक्टर फॅसिलिए आणा ना! सावल्यांचा तो मांत्रिक, चढावर गिधाडांच्या जागी त्याच्या सावल्या. बास!" आणि आश्चर्य म्हणजे लेकीने मान डोलावली. दोघांचं एकमत झालं म्हणून मी ताक घुसळायला उठले, तोवर परत आवाज चढले.

"अरे पण दादा, तो सिनेमात संपतो. त्याला सावल्या ओढून नेतात. ही राइड त्याच्या नंतरची आहे."

"माणूस गेला. सावली गेली असं कुठे दाखवलंय?"

"थांब, लावतेच सिनेमा."

साडेअकरा वाजून गेलेत, बाहेर तेच चाललंय. उद्या सकाळी दोघांना उठवायचं काम यांच्यावर ढकलणार आहे.