जड पाण्यातले धुणे

मराठवाड्यात धुण्याचा विचार पाण्यापासूनच सुरू करावा लागतो, कारण आपल्याकडे पावडर किती घालायची हे कपड्यांवरच्या मळाइतकेच पाण्याच्या जडपणावर ठरते. लातूर, बीड, धाराशिव या भागांत उन्हाळ्यात नळाची पाळी लांबली की घर बोअरवर आणि टँकरवर चालते, आणि बोअरच्या पाण्यात काळ्या पाषाणातून विरघळून आलेले कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. डाळ लवकर शिजत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, अंगाच्या साबणाला फेस येत नाही, ही सगळी त्याच क्षारांची लक्षणे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर ती ६०० पर्यंत मान्य केली जाते. आपल्याकडच्या पुष्कळ बोअरचे पाणी यातली पहिली मर्यादा सहज ओलांडते.

अशा पाण्यात साबणाच्या वडीचा मोठा भाग मळाशी भिडण्याआधीच क्षारांशी बांधला जातो आणि त्याचा चिकट साका तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, धाग्यांत अडकून बसतो. पांढरा सदरा दर धुण्याला थोडा थोडा करडा होत जातो आणि टॉवेल वाळल्यावर पापडासारखा कडक होतो, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. डिटर्जंट पावडरला जड पाणी साबणाइतके बाधत नाही, कारण तिच्यात क्षारांना आवर घालणारे सोडा किंवा झिओलाइटसारखे घटक मिसळलेले असतात. पण तेही एका मर्यादेपर्यंतच पुरतात. म्हणून बोअरच्या पाण्यात पाकिटावरचे पूर्ण माप घ्यावे, आणि पावसाचे साठवलेले पाणी किंवा धरणाचे तुलनेने हलके पाणी मिळाले तर तेच माप निम्म्यावर आणून पाहावे. आपले पाणी कसे आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्यावे, त्यात अंगाच्या साबणाचे थोडे किसलेले तुकडे टाकावेत आणि जोरात हलवावे. फेस टिकला तर पाणी हलके, आणि फेसाऐवजी दुधाळ पाणी व वर साका दिसला तर ते जड.

फेसाबद्दल मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. फेस म्हणजे स्वच्छता हा समज आपल्या घराघरांत इतका पक्का आहे की बादलीत फेस उतरला की हात आपोआप पावडरच्या डब्याकडे जातो. प्रत्यक्षात मळ निघतो तो पाण्यात विरघळलेल्या डिटर्जंटमुळे, भिजवण्याला दिलेल्या वेळामुळे आणि चोळण्यामुळे. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये तर जास्त फेस कपड्यांचे आपटणे मऊ करून धुणेच बिघडवतो. शिवाय जादा पावडर काढायला जादा पाणी लागते, आणि हा हिशेब ज्या प्रदेशाने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेले पाणी पाहिले, त्याला तरी वेगळा समजावून सांगायला नको. माप जास्त होते आहे का हे तपासायचे असेल तर धुऊन वाळवलेला टॉवेल साध्या कोमट पाण्यात खळबळून पाहावा. पाण्यावर फेस आला तर आधीची पावडर अजून कापडातच आहे, आणि अंगाला सुटणाऱ्या खाजेचे कारणही कधी कधी तिथेच असते.

पाणी हलके करायला धुण्याचा सोडा वापरायचा असेल तर तो कपड्यांवर न टाकता आधी पाण्यात टाकावा, पाणी काही वेळ स्थिर ठेवावे आणि तळाशी बसलेला पांढरा गाळ न ढवळता वरचे पाणी ओतून घ्यावे. कपड्यांसोबत सोडा टाकला तर तोच गाळ कापडावर बसतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यात मात्र सोड्याचे पाणी ठेवू नये.

आता पाण्याच्या उष्णतेविषयी. रक्त, दूध, अंडे यांच्या डागांना पहिले पाणी गारच हवे, कारण त्यांतली प्रथिने गरम पाण्याने गोठून धाग्याला धरतात आणि मग कितीही चोळले तरी सुटत नाहीत. तुपाच्या डागाला याच्या अगदी उलट वागणूक लागते. तूप पातळ झाल्याशिवाय ते उचलले जात नाही, म्हणून तिथे चांगले कोमट पाणी. आपल्याकडच्या करडई तेलाचा डाग तर राहू देऊच नये. हे तेल हवेने हळूहळू सुकून घट्ट होते, आणि डाग तसाच ठेवून इस्त्री फिरवली तर उष्णतेने ते आणखी लवकर पिवळे पडून कापडात बसते. हळदीचा डाग पावडर लावताच लाल होतो तेव्हा घाबरू नये. हळदीतले कुरकुमीन सोडायुक्त पाण्यात रंग बदलते, खळबळल्यावर पुन्हा पिवळे दिसते, आणि त्यावरचा खरा उपाय म्हणजे धुऊन कडक उन्हात टाकणे. काळ्या रानात काम केलेल्या कपड्यांची माती आधी वाळू द्यावी, झटकावी, मग गार पाण्यात भिजवावी. ओल्या चिकणमातीवर थेट पावडर चोळली तर ती धाग्यांत आणखी खोल जाते.

ज्या पावडरमध्ये एन्झाइम, म्हणजे डाग तोडणारे घटक, असतात ती साधारण ३० ते ५० अंशांच्या पाण्यात चांगले काम करते आणि तिला वेळ द्यावा लागतो. उकळत्या पाण्यात ती टाकली तर ज्यासाठी जास्त पैसे मोजले तो घटकच निकामी होतो. रोजच्या सुती कपड्यांना म्हणूनच ४० अंश पुरेसे आहेत. ६० अंश आजारी माणसाच्या चादरींसाठी आणि बाळाच्या लंगोटांसाठी राखून ठेवावेत. विजेचा फरकही लहान नाही: १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागते, तर ४० वर न्यायला पाव युनिटच्या आसपास.

मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देईल इतके तापते. तेलकट टॉवेल आणि स्वयंपाकघरातली फडकी मी त्याच वेळी भिजवते, आणि डागाचे गार धुणे पहाटेच्या पाण्यावर ठेवते. परभणीकडच्या डिसेंबरच्या सकाळी उलटी अडचण येते. पावडर गार पाण्यात नीट विरघळत नाही आणि गडद कपड्यांवर तिचे पांढरे ठिपके राहतात. तेव्हा तांब्याभर कोमट पाण्यात ती आधी पूर्ण विरघळवून मग बादलीत ओतावी.

पैठणीला यातले काहीही लागू करू नये. रेशीम हे स्वतःच प्रथिन आहे, त्यामुळे प्रथिनांचे डाग तोडणारे एन्झाइम रेशमाच्या धाग्यालाही इजा करतात, सोडा त्याची चमक घालवतो आणि गरम पाणी रंग सोडवते. पैठणी ड्रायक्लीनिंगलाच द्यावी. साध्या रेशमी साडीला गार, शक्यतो पावसाचे पाणी आणि सौम्य द्रव साबण, तेही न पिळता. लोकरीलाही एन्झाइमची पावडर वर्ज्यच समजावी.

खळबळण्याचे शेवटचे पाणी आमच्या घरी मोरीत सोडत नाहीत. ते वेगळ्या टिपात भरून पुढच्या धुण्याची पहिली भिजवण त्यात करतात, आणि पहिल्या भिजवणीचे गढूळ पाणी संडासाला वापरतात. झाडांना ते देत नाहीत, कारण त्यातल्या सोडियममुळे काळी माती आणखी घट्ट होते आणि पाणी मुळांपर्यंत उतरत नाही.